अटींवाचून मुक्तता : एका सोयीस्कर भ्रमाची चिकित्सा

१

मराठी समीक्षाव्यवहारात 'मुक्त' हे विशेषण बरेच सैलपणे वापरले जाते. मुक्तछंद, मुक्त संहिता, मुक्त अर्थनिर्णयन अशा पदबंधांतून ते फिरत राहिले आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच गृहीत धरला गेला : बंधन नाही ते मुक्त. हा अर्थ संगणकीय संहितांच्या क्षेत्राला लावला की एक तयार आक्षेप हाती येतो. स्वतःला मुक्त म्हणवणाऱ्या व्यासपीठाने दारातच अटींची यादी लावावी, हा वदतोव्याघात नव्हे काय? सुशिक्षित वाचकाला हा प्रश्न सहज पडतो, आणि तो विचारला की समीक्षेचे काम संपले असे मानले जाते. वस्तुतः काम तेथून सुरू व्हायला हवे. अट आणि मुक्तता यांचा संबंध हा संहितेच्या सामाजिक अस्तित्वाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो साहित्यविचाराच्या कक्षेतला आहे.

या प्रश्नाच्या चिकित्सेसाठी 'सव्हाना' हे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ साली मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि या चळवळीतील प्रकल्पांना जागा देणारे सव्हाना हे व्यासपीठ नव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले. त्याची उभारणी 'सोर्सफोर्ज' या १९९९ साली सुरू झालेल्या व्यापारी व्यासपीठाच्या संहितेवर झाली. सोर्सफोर्जची ही संहिता आधी मुक्त होती; २००१ साली कंपनीने तिची पुढील आवृत्ती बंदिस्त केली. म्हणजे सव्हानाच्या जन्मकथेतच त्याच्या अटींचे कारण दडलेले आहे. आज उघडे असलेले दार उद्या मालकाच्या इच्छेने बंद होऊ शकते, हा अनुभव त्या अटींच्या मुळाशी आहे.

अटी थोडक्यात अशा आहेत. प्रकल्प पूर्णतः मुक्त असलेल्या निदान एका कार्यप्रणालीवर चालला पाहिजे आणि त्याला कोणत्याही अमुक्त सॉफ्टवेअरची गरज पडता कामा नये. तो अमुक्त प्रणालीवरही चालत असेल, तर मुक्त प्रणालीवर निदान तितक्याच चांगल्या रीतीने चालावा. त्याचा परवाना ग्नूच्या सर्वसाधारण सार्वजनिक परवान्याशी, म्हणजे जीपीएलशी, सुसंगत असावा. प्रत्येक महत्त्वाच्या धारिकेत स्वामित्वहक्काची व परवान्याची सूचना असावी. सोबतचे माहितीलेखनही मुक्त परवान्याखाली असावे. अमुक्त सॉफ्टवेअरची जाहिरात नसावी. 'लिनक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संपूर्ण प्रणालीला 'ग्नू/लिनक्स' म्हणावे आणि 'ओपन सोर्स' ऐवजी मुक्त सॉफ्टवेअर हा शब्द वापरावा. अर्ज आल्यावर स्वयंसेवक प्रत्यक्ष संहिता उघडून पाहतात आणि त्रुटी असतील तर दुरुस्तीसाठी परत पाठवतात. मान्यता मिळते ती या वाचनानंतर.

२

पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे : सशर्त मुक्तता ही मुक्तताच नव्हे. या आक्षेपामागे एक गृहीतक दडलेले असते. अट नसलेली जागा ही रिकामी, निष्पक्ष जागा असते, हे ते गृहीतक. ते खरे नाही. स्वामित्वहक्काचा कायदा संहितेच्या जन्माबरोबरच तिला लागू होतो. १८८६ च्या बर्न करारापासून विकसित झालेल्या व्यवस्थेत हक्क मिळवण्यासाठी नोंदणी लागत नाही, सूचनाही लागत नाही. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशित साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. संगणकीय आज्ञावलीही या कायद्यात साहित्यकृतीतच मोडते. म्हणजे ज्या संहितेवर काहीच लिहिलेले नाही, ती सर्वांची नसते. ती पूर्णतः राखीव असते. मौन हे कायद्याच्या भाषेत निषेधाचे वाक्य आहे.

ही गोष्ट लक्षात घेतली की 'अट' या शब्दाचा रोख उलटतो. 'तुमच्या संहितेला परवाना लावा' ही सव्हानाची अट बंधन लादत नाही. कायद्याने आधीच लादलेले बंधन कोठे आणि किती सोडले ते स्पष्ट शब्दांत सांगायला लावते. १९८९ साली पहिल्यांदा आलेल्या जीपीएलची युक्तीही हीच आहे. स्वामित्वहक्क नाकारला तर संहिता कोणाही बळकट हातात जाऊन बंदिस्त होते. म्हणून तो हक्क आधी सांगायचा आणि मग त्याच्याच बळावर वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक सर्वांना द्यायची. मात्र पुढे वाटणाऱ्यानेही तीच मोकळीक दिली पाहिजे, असे बजावायचे. 'कॉपीलेफ्ट' म्हणून ओळखली जाणारी ही रचना कायद्याच्या शब्दांना कायद्याच्याच उद्दिष्टाविरुद्ध वापरते. विडंबनाच्या अभ्यासकाला तिची जात ओळखता यावी.

आता अटींवाचून चालणाऱ्या व्यासपीठाकडे पाहावे. 'गिटहब'वर प्रकल्प ठेवण्यासाठी परवाना लावण्याची सक्ती नाही. परिणाम असा की तेथे सर्वांना दिसणारी, पण कायद्याने कोणालाही नीट वापरता न येणारी संहिता विपुल आहे. सेवेच्या अटींनुसार इतरांना ती पाहता येते आणि त्याच व्यासपीठावर तिची प्रत काढता येते. त्यापलीकडचा हक्क लेखकाने दिला नसेल तर नाही. दृश्यता आणि मुक्तता यांची ही गल्लत आकस्मिक नव्हे. गिटहब चालवणारे सॉफ्टवेअर स्वतः मुक्त नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरांना ते विकत घेतले तेव्हा तेथे नांदणाऱ्या लेखकांना कोणी विचारले नाही. विचारण्याची तरतूदच नव्हती. २०१९ साली अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रायमिया येथील वापरकर्त्यांच्या काही सेवा बंद झाल्या. २०२१ साली सार्वजनिक संहितांवर प्रशिक्षित केलेले संहितालेखनाचे यंत्र तेथे आले, आणि मूळ परवान्यांतील श्रेयोल्लेखाच्या अटींचे काय, हा वाद २०२२ साली न्यायालयात गेला. दारात अट नव्हती हे खरे. ती घराच्या मालकीपत्रात होती. प्रवेशाची अट वाचता येते, तिच्याशी वाद घालता येतो, ती मान्य नसेल तर परत फिरता येते. मालकीची अट मात्र प्रवेशानंतर कळते.

येथे एक प्रतिवाद संभवतो. सव्हानाही अमेरिकेतील एका संस्थेचे आहे. तेही सत्तेचेच ठिकाण आहे. हे खरे आहे, पण अपुरे आहे. सव्हाना ज्या संहितेवर चालते ती मुक्त आहे, म्हणजे ती उचलून दुसरीकडे तसेच व्यासपीठ उभारता येते. सव्हाना स्वतः याच मार्गाने जन्मले. सत्ता आहे की नाही, या प्रश्नाने येथे काही हाती लागत नाही. त्या सत्तेपासून संहितेसह दूर होण्याचा मार्ग उपलब्ध आहे की नाही, हा निर्णायक प्रश्न आहे.

३

दुसरा आक्षेप अधिक साहित्यिक आहे आणि म्हणून अधिक फसवा आहे. प्रत्येक धारिकेच्या माथ्यावर हक्कधारकाचे नाव, वर्ष आणि परवाना लिहिण्याचा आग्रह ही कारकुनी वृत्ती आहे. शिवाय बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केल्यानंतर आणि फूको यांनी १९६९ साली 'लेखक' हे एक कार्य आहे असे दाखवून दिल्यानंतर नावाचा हा सोस प्रतिगामी आहे, असे म्हटले जाते.

या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. बार्थ यांचा रोख अर्थाच्या मालकीवर होता. संहितेचा अंतिम अर्थ लेखकाच्या हेतूत शोधण्याच्या सवयीवर त्यांनी घाव घातला. धारिकेच्या माथ्यावरील सूचना अर्थाविषयी काहीच बोलत नाही. ती सांगते की या अक्षरांबाबत कायद्यापुढे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची आहे, आणि त्याने वाचकाला काय काय दिले आहे. फूको यांची मांडणी तर या सूचनेच्या बाजूची साक्ष ठरते. लेखकाचे नाव हा संहितांच्या अभिसरणाचे नियमन करणारा घटक असेल, तर ते नियमन कोणत्या दिशेने करायचे हा प्रश्न उरतोच. नाव काढून टाकल्याने नियमन संपत नाही. ते अनामिक आणि बलवत्तर हातांकडे जाते. समीक्षेच्या वर्गात मेलेला लेखक करारपत्रावर मात्र जिवंतच राहतो, आणि पुष्कळदा तो लेखक नसतो, त्याचा मालक असतो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना या अटीचे महत्त्व वेगळे समजावण्याची गरज नसावी. पोथीच्या अखेरीस येणारी पुष्पिका लेखनाचा शक, लेखनिकाचे नाव, कधी स्थळ सांगते. पोथीची पाने सुटी झाली की पुष्पिका एका पानाबरोबर जाते आणि बाकीची पाने अनाथ होतात; मग त्यांचा काळ ठरवण्यासाठी अक्षरवळणावर आणि कागदावर विसंबावे लागते. संगणकीय संहितेचे जीवन सुट्या पानांचेच आहे. प्रकल्पातील एखादी धारिका उचलून दुसऱ्या प्रकल्पात बसवणे हा तेथील नित्य व्यवहार आहे. परवाना फक्त एका स्वतंत्र पत्रकात ठेवला, तर धारिका हलताच तिची ओळख मागे राहते. म्हणून सूचना प्रत्येक पानावर हवी. ही कारकुनी म्हणायची असेल तर पाठचिकित्साही कारकुनीच ठरेल.

मराठी काव्यपरंपरेतील नाममुद्रेकडेही या दृष्टीने पाहता येते. अभंगाच्या शेवटच्या चरणातले कवीचे नाव मालकी सांगत नाही. अभंग कोणीही गावा, उतरून घ्यावा, कीर्तनात विस्तारावा. तरीही ते नाव अभंगाबरोबर फिरते, कारण ते अभंगाच्या अंगातच विणलेले आहे. अर्थात नाममुद्रा हा काही कायदेशीर परवाना नव्हे, आणि दुसऱ्याच्या मुद्रेने रचना करण्याचे प्रकारही या परंपरेत घडले. पण श्रेय आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एक ठेवून दुसरी सोडता येते, हे समजण्यासाठी मराठी वाचकाला पॅरिसपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

४

तिसरा आक्षेप नामकरणाच्या अटीवर आहे. कोणता शब्द वापरावा हे व्यासपीठाने सांगणे म्हणजे भाषेवर पहारा बसवणे, असे म्हटले जाते. हा आक्षेप इतर दोहोंपेक्षा गंभीर आहे, कारण येथे अट संहितेकडून संहितेविषयीच्या बोलण्याकडे सरकते.

तरी शब्दाचा इतिहास पाहिल्यावाचून निकाल देता येणार नाही. 'ओपन सोर्स' ही संज्ञा १९९८ साली पुढे आली. 'फ्री' या इंग्रजी शब्दातील फुकटपणाची छटा टाळावी आणि उद्योगजगताला न बिचकवणारा शब्द द्यावा, हा तिचा उघड हेतू होता. संज्ञा बदलली आणि तिच्याबरोबर युक्तिवादही बदलला. आधी प्रश्न वापरकर्त्याच्या स्वातंत्र्याचा होता. नंतर तो चांगले सॉफ्टवेअर बनवण्याच्या कार्यक्षम पद्धतीचा झाला. संहिता बहुतांशी त्याच राहिल्या, परवानेही बहुतांशी तेच राहिले, पण त्यांच्याविषयी काय विचारता येईल ते बदलले. शब्दाने ज्ञानव्यवहाराची चौकट कशी बदलते याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. ज्या समीक्षेने भाषा ही पारदर्शक काच नव्हे हे दोन पिढ्या शिकवले, तिनेच येथे 'शब्दात काय आहे' म्हणून खांदे उडवावेत, हे आश्चर्यकारक आहे.

मराठीत तर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 'फ्री' मधली संदिग्धता मराठीत नाहीच. मुक्त वेगळे, मोफत वेगळे आणि फुकट त्याहून वेगळे. जो फरक समजावण्यात स्टॉलमन यांचे आयुष्य गेले तो मराठीत एका शब्दात होतो. पण मराठीने ही सोय हातची घालवली. 'ओपन सोर्स'साठी 'मुक्तस्रोत' हा प्रतिशब्द रूढ झाला आणि 'फ्री सॉफ्टवेअर'साठी 'मुक्त सॉफ्टवेअर'. ज्या दोन विचारांतला भेद दाखवण्यासाठी इंग्रजीत दोन शब्द झगडत आहेत, ते दोन्ही मराठीत 'मुक्त'च्या पोटात विरघळले. 'खुला' हा शब्द हाताशी असताना तो वापरला गेला नाही. परिभाषा घडवणाऱ्यांनी ही गफलत दुरुस्त केली नाही आणि समीक्षकांनी ती पाहिलीही नाही. सव्हानाच्या नामकरणाच्या अटीला हसण्यापूर्वी आपल्या परिभाषेतील ही पडझड मराठी समीक्षेने तपासायला हवी होती.

५

या समर्थनाचा अर्थ सव्हानाच्या अटी निर्दोष आहेत असा नाही. तिच्या दोन ठिकाणी खरी टीका संभवते, आणि नेहमीचे आक्षेपक नेमके तेथे पोहोचत नाहीत.

पहिले ठिकाण 'ही किंवा यानंतरची कोणतीही आवृत्ती' या शब्दयोजनेचे. प्रकल्प जीपीएलखाली असेल तर परवान्याच्या पुढील आवृत्त्यांनाही लेखकाने आगाऊ संमती द्यावी, असा आग्रह आहे. त्याला व्यावहारिक कारण आहे : १९९१ ची दुसरी आवृत्ती आणि २००७ ची तिसरी आवृत्ती परस्परसुसंगत नाहीत, आणि फक्त दुसरीला चिकटलेल्या संहिता तिसरीखालच्या संहितांत मिसळता येत नाहीत. लिनक्सचा गाभा फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. या कसोटीला लावला तर तोच प्रवेशास अपात्र ठरेल. पण सोय मान्य करूनही प्रश्न राहतो. अजून न लिहिलेल्या संहितेवर सही करणे म्हणजे तिच्या भावी लेखकावर, येथे मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानवर, विश्वास टाकणे होय. नव्या आवृत्त्या आधीच्या आवृत्तीच्या आत्म्याशी सुसंगत राहतील, असे आश्वासन परवान्यातच आहे. परंतु 'आत्मा' ही कल्पना अर्थनिर्णयनाच्या अधीन आहे हे समीक्षकाला सांगायला नको. मालकीवर अविश्वास दाखवून उभी राहिलेली व्यवस्था एका संस्थेवर मात्र विश्वास मागते.

दुसरे ठिकाण माहितीलेखनाच्या परवान्याचे. २००० साली आलेल्या ग्नूच्या मुक्त प्रलेखन परवान्यात लेखकाला काही विभाग अपरिवर्तनीय म्हणून राखता येतात. सव्हाना अशा विभागांची सक्ती करत नाही, पण परवाना त्यांना वाव देतो, आणि ग्नूच्या 'ईमॅक्स' या संपादकाच्या मार्गदर्शिकेत ग्नूचा जाहीरनामा असाच अपरिवर्तनीय म्हणून ठेवला आहे. डेबियन प्रकल्पाने २००६ साली मतदान घेऊन ठरवले की असे विभाग असलेले लेखन आपल्या मुक्ततेच्या व्याख्येत बसत नाही. ते नसतील तर बसते. हा निर्णय योग्य होता. तांत्रिक माहिती सुधारता यावी, पण तिच्याबरोबरची मते कोणी वगळू नयेत, ही मागणी चळवळीच्या मूळ तत्त्वाशी विसंगत आहे.

येथे एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असा कडक इशारा अखेरीस दिला. वरवर पाहता हीही अपरिवर्तनीयतेचीच अट. पण तिचा रोख उलटा आहे. एकनाथांना मूळ ग्रंथ राखायचा होता. भाष्य, निरूपण, टीका यांची दारे त्यांनी बंद केली नाहीत. प्रलेखन परवाना मूळ लेखन बदलू देतो आणि प्रास्ताविक मत मात्र गोठवतो. एकनाथांची अट पाठाची विश्वसनीयता जपते, तर ही अट प्रवर्तकाचा आवाज जपते. पहिल्या प्रकारची अट संपादनशास्त्रात समर्थनीय ठरू शकते, दुसऱ्या प्रकारची ठरत नाही.

६

हा सारा वाद मराठी अभ्यासकाने का घालावा? एक उत्तर सरळ आहे. देवनागरीचा 'गार्गी' हा मुक्त टंक सव्हानावरच नोंदला गेला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून उभा राहिलेला ज्ञानव्यवस्थापनाचा 'नोसिस' हा प्रकल्पही ग्नूच्या परिवारातला आहे. मराठी अक्षराचा आणि या अटींचा संबंध प्रत्यक्ष आहे.

दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९९० नंतर मराठी ग्रंथ आणि नियतकालिके संगणकावर जुळवली जाऊ लागली ती बहुतांशी खासगी टंकांच्या आपापल्या सांकेतिक रचनांमध्ये. तो टंक असेल तर अक्षर मराठी. नसेल तर रोमन चिन्हांचा अर्थहीन ढीग. एका पिढीचे मराठी लेखन अशा रीतीने अमुक्त साधनावर अवलंबून राहिले. युनिकोड रूढ झाल्यानंतर त्यातले काही रूपांतरित झाले. पुष्कळसे केवळ छापील पानांवर उरले, आणि आता तीच पाने छायाचित्रित करून पुन्हा संगणकावर चढवली जात आहेत. छायाचित्रातील मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, पाठभेदांसाठी ताडून पाहता येत नाही. जीपीएल स्रोतसंहितेची व्याख्या करताना म्हणते की बदल करण्यासाठी जे रूप सोयीचे मानले जाते तेच स्रोत. या कसोटीवर आजच्या मराठी अंकीय ग्रंथसंग्रहांतील मोठा भाग स्रोतच नाही. आणि ज्या प्रबंधांवर, संपादित पाठांवर, सूचींवर हक्काविषयी एक ओळही नसते, ते 'सर्वांसाठी उपलब्ध' म्हणून मिरवले जातात. कायद्याने ते राखीव असतात, लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे.

म्हणून मराठी विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि ग्रंथालये यांनी सव्हानाच्या अटी जशाच्या तशा उचलण्याचे कारण नाही. अपरिवर्तनीय विभाग तर मुळीच उचलू नयेत. पण तीन अटी त्यांनी आपल्या दारावर लावायलाच हव्यात. संहिता संपादनयोग्य रूपात असावी. ती वाचण्यासाठी कोणा एका विक्रेत्याच्या साधनाची गरज नसावी. तिच्या प्रत्येक सुट्या भागावर कर्त्याचे नाव, वर्ष आणि वाचकाला दिलेले हक्क लिहिलेले असावेत. या अटी नाकारणारा संग्रह अधिक मुक्त ठरणार नाही. त्याच्या वतीने अटी दुसरे कोणी तरी ठरवेल, आणि त्या कोठेही लिहिलेल्या नसतील.